शर्यतीच्या पिक्चरमध्ये प्रेमकथा कशाला लागते?

मोटारींच्या शर्यतीवरचा जुना हॉलिवूडपट कुठलाही काढा, त्यात पिटच्या, म्हणजे शर्यतीदरम्यान गाड्यांची डागडुजी होते त्या जागेच्या, कठड्याला टेकून एक बाई उभी असतेच. हातात स्टॉपवॉच, डोळ्यांवर गॉगल, आणि चेहरा असा की या फेरीत काहीतरी विपरीत होणार हे आपण आधीच ओळखावं. शर्यतीच्या शौकिनांना ही बाई नको असते. १९६६ च्या ‘ग्रां प्री’बद्दल तर त्यांचं मत ठरलेलं आहे: शर्यती अप्रतिम, प्रेमप्रकरणं रटाळ, तेव्हा मधलं सगळं पुढे सरकवा आणि गाड्या बघा. मला हे पटत नाही. जवळपास तीन तासांच्या या पिक्चरमधून प्रेम वजा केलं तर उरलेल्या गाड्या नुसत्या गोल गोल फिरतील.

गोष्ट थोडक्यात अशी. फॉर्म्युला वनच्या एका हंगामात चार ड्रायव्हर जगज्जेतेपदाच्या मागे आहेत. जेम्स गार्नरने केलेला पीट ॲरन हा अमेरिकन. मोनाकोतल्या अपघातानंतर संघाने त्याला काढून टाकलंय. ब्रायन बेडफर्डचा स्कॉट स्टॉडर्ड हा ब्रिटिश. त्याच अपघातात त्याची हाडं मोडलीत आणि मेलेल्या जगज्जेत्या भावाची सावली काही त्याला सोडत नाही. अंतोनियो साबातोचा नीनो हा तरणाबांड, बेफिकीर इटालियन. आणि ईव्ह माँतांचा जाँ-पिएर सार्ती, दोनदा जगज्जेता झालेला, आतून थकलेला. स्टॉडर्ड इस्पितळात पडलेला असताना त्याची बायको पॅट त्याला सोडून जाते आणि पुढे ॲरनच्या जवळ येते. सार्तीचं लग्न नावापुरतं उरलंय. तो लुईझ नावाच्या अमेरिकन पत्रकाराच्या प्रेमात पडतो. ही भूमिका ईव्हा मरी सेंटची. दिग्दर्शक जॉन फ्रँकेनहायमर, संगीत मॉरिस जार यांचं.

आता मुद्द्याचं. शर्यत हा प्रकार पडद्यावर दाखवायला फार कठीण आहे. कुस्तीत दोन माणसांचे चेहरे दिसतात, क्रिकेटमध्ये फलंदाज घाम पुसताना दिसतो. इथे हेल्मेट, गॉगल आणि तोंडावर फडकं बांधलेला माणूस लोखंडी नळकांड्यात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. तो घाबरलाय, चिडलाय की कंटाळलाय, काही कळायला मार्ग नाही. शिवाय प्रेक्षकाला एका वेळी रस्त्याचा एकच तुकडा दिसतो: गाडी आली, गेली, पुन्हा येईपर्यंत दीड-दोन मिनिटं नुसती वाट. त्या रिकाम्या दीड-दोन मिनिटांत काय दाखवायचं? वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा. पिटमधल्या बाईचं काम हेच आहे. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर जे दिसू शकत नाही ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. पटकथाकारांना ही युक्ती फार आधी सापडली होती. १९३२ साली हॉवर्ड हॉक्सने जेम्स कॅग्नीला घेऊन ‘द क्राउड रोअर्स’ काढला, त्यातही शर्यतीइतकंच वजन वाट बघणाऱ्या बायकांना आहे. १९५० च्या ‘टू प्लीज अ लेडी’मध्ये क्लार्क गेबल गाडी चालवतो आणि त्याच्यावर लिहिणारी बार्बरा स्टॅनविक पत्रकार असते. लुईझची पत्रकारिता अशी आयती आलेली आहे. पत्रकार बाहेरची असते, तिला काही माहीत नसतं, आणि ती प्रश्न विचारते म्हणून आपल्यालाही उत्तरं मिळतात.

पण ‘ग्रां प्री’तल्या वाट बघण्याला जी धार आहे ती कथेतून आलेली नाही. ती त्या वर्षातून आली आहे.

१९६६ मध्ये फॉर्म्युला वनचे नियम बदलले. इंजिनाचा कमाल आकार दीड लिटरवरून एकदम तीन लिटर झाला. गाड्यांची ताकद वाढली. बाकी सगळं होतं तिथेच राहिलं. मोनाकोत शर्यत शहराच्या रस्त्यांवर, एका बाजूला बंदराचं पाणी. बेल्जियमच्या स्पामध्ये चौदा किलोमीटरचा गावरस्ता, कडेला घरं, खांब, कुंपणं. वळणावर गवताच्या पेंढ्या रचल्या की झाली सुरक्षितता. ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना पेट्रोलच्या टाक्या, आणि पट्टा बहुतेक जण बांधत नसत, कारण आत अडकून जळण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं असा हिशोब होता. हिशोब चुकीचा होता असंही म्हणवत नाही.

फ्रँकेनहायमरचं युनिट त्या हंगामात खऱ्या शर्यतींच्या मागे मागे फिरत होतं. खरी गर्दी, खरे ड्रायव्हर, खरे पिट, आणि त्यातच आपली गोष्ट मिसळायची. आता खऱ्या शर्यतीतली दृश्यं आणि नटांवर चित्रित केलेली दृश्यं एकमेकांना जोडायची कशी? उत्तर सोपं होतं: हेल्मेट. चेहरा दिसत नाही ही जी अडचण होती तीच इथे कामी आली. स्टॉडर्डच्या हेल्मेटवर जॅकी स्ट्युअर्ट या खऱ्या ड्रायव्हरच्या हेल्मेटसारखाच स्कॉटिश चौकडीचा पट्टा दिला. म्हणजे खऱ्या शर्यतीत खरा स्ट्युअर्ट वळण घेताना टिपला की पडद्यावर तो स्टॉडर्ड. ब्रूस मॅक्लारेनच्या खऱ्या गाडीला तर पिक्चरमधल्या काल्पनिक जपानी संघाचा पांढरा-हिरवा रंगच देण्यात आला होता.

या हेल्मेटची पुढची हकिगत अंगावर येते. २२ मे १९६६ ला मोनाकोची खरी शर्यत स्ट्युअर्टने जिंकली. पिक्चरमध्ये मात्र त्याचंच हेल्मेट घातलेला स्टॉडर्ड मोनाकोत जबर जखमी होतो. बरोबर तीन आठवड्यांनी, १२ जूनला, स्पामध्ये पहिल्याच फेरीत पाऊस कोसळला आणि गाड्या पटापट घसरल्या. खरा स्ट्युअर्ट रस्त्याबाहेर फेकला गेला. गाडी त्याच्याभोवती चेपली होती, तो आत अडकलेला, आणि फुटलेल्या टाकीतलं इंधन अंगावर सांडत होतं. एक ठिणगी पुरली असती. मदतीला धावले ते कोणी अधिकारी नव्हते; घसरून बाहेर आलेले दुसरे दोन ड्रायव्हर होते, ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट. स्टिअरिंग काढल्याशिवाय त्याला बाहेर ओढता येईना, आणि पाना नाही. शेवटी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला. यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. यातला ग्रॅहम हिल पिक्चरमध्ये छोट्या भूमिकेत आहे, आणि बाँड्युरंट हा जेम्स गार्नरला गाडी चालवायला शिकवणारा गुरू. पटकथा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर किती उरलं होतं बघा. पुढे स्ट्युअर्टने शर्यतींच्या सुरक्षिततेसाठी जी लांब लढाई दिली तिची सुरुवात या अपघातात आहे.

आता चित्रीकरणाकडे वळू, कारण प्रेमकथेचा खरेपणा यावरच उभा आहे. पिटमधल्या बाईची भीती आपल्याला खरी वाटायची तर गाडीचा वेग खरा वाटायला हवा.

वेग खोटा दाखवायची जुनी रीत अशी: कॅमेरा सेकंदाला चोवीसऐवजी सोळा-अठरा चित्रं घेतो, आणि दाखवताना ती चोवीसच्या गतीने पळवतात. गाडी पळते खरी, पण लबाडी पकडली जाते. चाकं टणटण उसळतात, धूर भसकन विरतो, ड्रायव्हरची मान झटके देते. फ्रँकेनहायमरने ठरवलं की हे करायचं नाही, आणि स्टुडिओत उभ्या गाडीमागे पडद्यावर पळता रस्ता दाखवायचा, तेही नाही. मग नटांना खरोखर वेगात बसवणं आलं. खरी फॉर्म्युला वन गाडी नवख्याच्या हातात देणं म्हणजे आत्महत्या. म्हणून त्यांनी लहान, एक लिटर इंजिनाच्या फॉर्म्युला थ्री गाड्या घेतल्या आणि त्यांना खोटे एक्झॉस्ट पाइप आणि मोठ्या गाड्यांचं बाकीचं सोंग चढवून सजवलं. नट ब्रिटनमधल्या जिम रसेल यांच्या ड्रायव्हिंग शाळेत शिकले. गार्नर इतका उंच होता की सीट काढून टाकावी लागली तेव्हा तो कसाबसा मावला. पण चौघांत तोच अस्सल चालक निघाला आणि आपली दृश्यं त्याने स्वतः चालवली. बेडफर्डला गाडी चालवताच येत नव्हती. जगज्जेतेपदाचा दावेदार रंगवणाऱ्या नटाला गाडी येऊ नये, यावर हसावं की नटाला दाद द्यावी?

या गाड्यांचं चित्रण करायला त्यांच्याइतकीच पळणारी कॅमेऱ्याची गाडी हवी. त्यासाठी फोर्ड जीटी ४०, म्हणजे ल माँच्या शर्यतीतली गाडी, आणि ती चालवायला १९६१ चा जगज्जेता फिल हिल. ७० एमएमचे अवजड कॅमेरे थेट शर्यतीच्या गाड्यांवर बसवले, आणि दुरून कळ दाबून ते फिरवायची सोय केली. कॅमेरा कुठे बसवला याला फार महत्त्व आहे. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून दीडशेचा वेग संथ वाटतो. तोच कॅमेरा चाकाच्या शेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला की डांबराचे कण रेषा होऊन धावतात आणि पोटात गोळा येतो. नंतर टीव्हीवर आपल्याला सवयीचा झालेला ड्रायव्हरच्या खांद्याजवळचा कोन प्रेक्षकांनी इतक्या मोठ्या पडद्यावर असा आधी क्वचितच पाहिला होता.

इटलीतल्या मोंझाची शेवटची शर्यत समजायला एक गोष्ट लागेल. तिथे वळणाचा रस्ता बाहेरच्या बाजूने उंच उचललेला, भिंतीसारखा तिरका होता. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटरसायकलवाला वेगाच्या जोरावर उभ्या भिंतीला चिकटून राहतो, तेच तत्त्व: वेग असेल तर गाडी रस्त्यावर दाबली जाते, म्हणून वळणावरही वेग कमी करावा लागत नाही. पण कुआँला वरचा कठडा जवळ असतो, आणि इथे तो ओलांडला की पलीकडे झाडं. सिमेंट खडबडीत असल्याने गाड्यांची हाडं खिळखिळी व्हायची. फॉर्म्युला वनने हा भाग १९६१ नंतर वापरला नव्हता. म्हणजे १९६६ च्या खऱ्या मोंझा शर्यतीत ही तिरकी वळणं नव्हतीच. पिक्चरसाठी ती खास वापरली. इथे फ्रँकेनहायमरने खरेपणाशी तडजोड केली आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. सार्तीचा शेवट सपाट रस्त्यावर झाला असता तर नुसता अपघात वाटला असता.

फेरारीचा किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. एन्झो फेरारींनी आधी पिक्चरवाल्यांना दारात उभं केलं नाही. फ्रँकेनहायमरने मोनाकोत टिपलेल्या दृश्यांपैकी अर्ध्या तासाचा भाग जोडून त्यांना नेऊन दाखवला, आणि मग कारखान्याचं दारही उघडलं. सार्ती ज्या कारखान्यात आपल्या मालकासमोर उभा राहतो ते नेपथ्य नाही.

आता प्रेमाकडे. शौकीन मंडळी ज्यावर नाक मुरडतात त्यात एक संवाद असा आहे की अख्ख्या पिक्चरची किल्ली तिथे आहे. सार्ती लुईझला सांगतो: समोर भयंकर अपघात दिसला की मी ॲक्सिलरेटर जोरात दाबतो, कारण बाकीचे सगळे पाय उचलणार हे मला ठाऊक असतं. लुईझ म्हणते, जिंकायची ही किती भयानक रीत. त्यावर तो थंडपणे म्हणतो की जिंकायच्या भयानक रीती नसतातच, फक्त जिंकणं असतं. हे वाक्य तो पत्रकार परिषदेत टाकता तर फुशारकी वाटली असती. इथे तो आवडू लागलेल्या बाईला स्वतःबद्दलची सगळ्यात कुरूप गोष्ट सांगतोय, आणि ती उठून जात नाही. पुढे स्पाच्या पावसात त्याच्या गाडीखाली दोन प्रेक्षक मरतात, आणि हाच माणूस मोडू लागतो. तो संवाद पुढे सरकवलात तर हा मोडण्याचा प्रवासही गेला.

त्याच्या आधी फ्रान्सची शर्यत आहे. खरी फ्रेंच शर्यत त्या वर्षी रेंसला झाली. पिक्चरवाल्यांनी मात्र क्लेरमाँ-फेराँजवळचा डोंगरातला घाटरस्ता निवडला. रेंसला सरळसोट रस्ते. इथे वळणामागून वळण. आणि या शर्यतीत इंजिनाचा आवाज जवळजवळ काढून टाकलाय. जारचं हळुवार संगीत सुरू होतं, एकेक गाडी दुसऱ्या गाडीच्या चित्रात विरघळते, फुलं, चेहरे, वळणं एकमेकांवर पसरतात. कोण पुढे, कोण मागे, याचा पत्ता नाही. पहिल्यांदा बघताना माणूस वैतागतो: शर्यत चाललीय की गाणं? पण सार्ती आणि लुईझ नुकते एकत्र आलेत, आणि प्रेमात पडलेल्या माणसाला शर्यत अशीच दिसत असणार. मोनाकोत शीर्षकचित्रं रचणाऱ्या सॉल बासने पडद्याचे चौकोनी तुकडे करून घट्ट होणारा स्पार्क प्लग, काटा, पाइप असं एकच चित्र अनेकदा मांडलं होतं. तिथे यंत्र बोलत होतं. फ्रान्समध्ये यंत्र गप्प होतं. प्रत्येक शर्यत वेगळ्या पद्धतीने टिपायची हा दिग्दर्शकाचा आग्रह होता, आणि ते वेगळेपण बऱ्याच अंशी प्रेमकथा कुठवर आली यावर ठरलेलं आहे.

मग ही प्रेमकथा इतकी अवघडलेली का वाटते? याचं उत्तर हॉलिवूडच्या आचारसंहितेत आहे. १९३४ पासून अमेरिकन स्टुडिओंवर एक नियमावली कडकपणे लागू होती: विवाहबाह्य संबंध दाखवायचे तर ते योग्य किंवा हवेहवेसे वाटता कामा नयेत. साहजिकच पटकथाकारांनी ठरलेल्या वाटा पाडल्या. चुकलेली व्यक्ती एकतर मरते, नाहीतर परतते. सप्टेंबर १९६६ मध्ये ही नियमावली बरीच सैल करण्यात आली आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये तिच्या जागी वयोगटाप्रमाणे दर्जा देण्याची पद्धत आली. ‘ग्रां प्री’ डिसेंबर १९६६ चा, बरोबर या सांध्यावरचा. म्हणून त्यात दोन काळ एकत्र दिसतात. लग्न झालेला सार्ती आणि लुईझ एकमेकांवर प्रेम करतात, आणि पिक्चर त्यांना कुठेही फटकारत नाही; हे नवं. पण शेवटी पॅट नवऱ्याकडे परतते आणि सार्ती मरतो, हे जुनं. हिशोब तोच राहिला, फक्त चाबूक नाहीसा झाला.

सार्तीच्या मृत्यूनंतरचं दृश्य मात्र कुठल्याही नियमावलीत बसवलेलं नाही. स्टॉडर्डच्या गाडीचा एक्झॉस्ट पाइप तुटून रस्त्यावर पडतो, मागून येणाऱ्या सार्तीला तो चुकवता येत नाही, आणि गाडी तिरक्या भिंतीवरून पलीकडे जाते. लुईझ तिथे पोहोचते. तिच्या हातांना त्याचं रक्त लागलेलं, भोवती छायाचित्रकारांची झुंबड. ती ते हात त्यांच्यापुढे धरून ओरडते: हेच हवं होतं ना तुम्हाला? ती स्वतः पत्रकार आहे हे इथे विसरायचं नाही. कागदोपत्री तिचं त्याच्याशी काहीच नातं नाही. बायको दुसरीच आहे. तिच्या हातात फक्त ते रक्त आहे, आणि समोर तिच्याच धंद्यातली माणसं.

पिक्चरला तीन ऑस्कर मिळाली: संकलन, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम. अभिनयासाठी नामांकनसुद्धा नाही. त्यावरून प्रेमकथा पडली असा निष्कर्ष काढायची घाई अनेकांनी केली.

ज्या खऱ्या ड्रायव्हरांमध्ये हे नट वावरले त्यांचं पुढे काय झालं ते वाचलं की दुसऱ्यांदा पिक्चर बघणं जड जातं. लोरेंझो बांदिनी मे १९६७ मध्ये मोनाकोच्या बंदरालगत जळाला आणि तीन दिवसांनी गेला. जिम क्लार्क एप्रिल १९६८ मध्ये हॉकेनहाइमला. ब्रूस मॅक्लारेन जून १९७० मध्ये गुडवुडला, गाडीची चाचणी घेत असताना. त्याच वर्षी सप्टेंबरात मोंझाला योकेन रिंट, आणि त्या हंगामाचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. त्यांच्या बायका पिटमध्ये असायच्या. निना रिंट स्टॉपवॉच घेऊन नवऱ्याच्या वेळा टिपायची. तिच्या हातातलं स्टॉपवॉच कुठल्या पटकथाकाराने दिलेलं नव्हतं.

गार्नरला मात्र शर्यतीचं वेड लागलं ते लागलंच. पुढे त्याने स्वतःचा संघ काढला. तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, ‘विनिंग’ नावाचा दुसरा पिक्चर आला. त्यात ड्रायव्हर पॉल न्यूमन आणि त्याची बायको जोॲन वुडवर्ड, हे दोघे प्रत्यक्षातही नवरा-बायको. न्यूमनलाही शिकवणारा बाँड्युरंटच. पिक्चर संपला, न्यूमनचं वेड संपलं नाही. १९७९ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या गाडीच्या तीन ड्रायव्हरांपैकी एक होता, आणि वाट बघायचं जे काम वुडवर्डने पडद्यावर केलं होतं ते आता घरचंच झालं होतं.